रंग बदलू दे, फटकारा तुझाच राहू दे

‘शकुंतला’ रेल्वेचं तुझं पोस्टर चारशे टक्के मोठं करून कोपरा न् कोपरा पाहिलं गं. काळं इंजिन, मागे केशरी आभाळ, रुळांच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. मोजके सपाट रंग आणि लख्ख कडा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं ते वाफेचं इंजिन मुर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवर १९९४ पर्यंत धावलं. तुझ्या जन्माआधीच ते गेलं, तरी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात ते कसं येऊन थांबत असेल, हे तू नुसत्या फटकाऱ्यांतून उभं केलंस. तुझ्या हातात जोर आहे, हे आधी सांगते. कारण फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, मला हे जमतच नाही,’ आणि ते खरं नाही.

झालं काय ते बघ. नवरात्र मंडळवाले म्हणाले, ‘आभाळ केशरी नको, लाल करून द्या नं.’ तू पेंट बकेट घेतलं, आभाळावर लाल ओतलं, आणि इंजिनाच्या चारी कडांना केशरी किनार तशीच राहिली. मग ती किनार ब्रशने पुसायला गेलीस तर इंजिनाची कड खाल्ली गेली. तीन तास त्यात गेले आणि मूळ चित्रही हातचं गेलं.

त्या किनारीचं कारण समजून घे, म्हणजे पुन्हा स्वतःला दोष देणार नाहीस. आपल्या डोळ्याला जी कड एकदम कापलेली वाटते, तिथेही सॉफ्टवेअर एखाद-दोन पिक्सेल मधल्या छटेचे ठेवतं. काळ्याला लागून केशरी असेल तर मध्ये थोडे काळपट केशरी पिक्सेल असतात. त्याला अँटी-एलियासिंग म्हणतात, आणि त्यामुळेच तिरक्या रेषेला पायऱ्या दिसत नाहीत. बकेट मात्र फक्त सारख्या रंगाचे पिक्सेल ओळखतं. मधले मिश्र पिक्सेल त्याच्या हिशेबात बसत नाहीत, म्हणून जुना रंग कडेला चिकटून राहतो. तुझा हात कुठेच चुकला नव्हता. आकार आणि रंग एकाच लेअरवर एकत्र कालवलेले होते, एवढंच.

म्हणून माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं: आकार एकीकडे ठेव, रंग दुसरीकडे ठेव. फटकारा हे तुझं धन आहे, रंग गिऱ्हाइकाच्या मर्जीचा. गिऱ्हाईक रंग बदलायला सांगणारच, आणि त्याने सांगावंही. पैसे तो देतोय. पण त्याच्या एका शब्दासरशी तुझ्या हाताची रेघ मोडता कामा नये.

आता हात चालव. फोटोशॉप असो की ब्राउजरमध्ये चालणारं फोटोपी, रीत जवळपास एकच. लेअर मेन्यूतून नवीन फिल लेअर घे, त्यात सॉलिड कलर निवड, रंग काहीही दे. सगळा कॅनव्हास त्या रंगाने भरेल. त्या लेअरला सोबतच पांढरा मास्क येतो. मास्कवर क्लिक कर आणि कंट्रोल-आय दाब. मास्क काळा होईल, रंग दिसेनासा होईल. आता ब्रश घे, डी दाबून काळा-पांढरा मूळ जोड आण, आणि पांढऱ्याने मास्कवर काढायला लाग. जिथे पांढरं काढशील तिथे रंग दिसेल. जास्त गेलं तर एक्स दाबून काळ्यावर ये आणि तेवढं झाकून टाक. खोडरबराला हात लावायची वेळच येणार नाही.

आईचा दिवाळीतला रांगोळीचा पत्र्याचा छापा आठव. छिद्रांची नक्षी ठरलेली, वरून गुलाबी टाक की हिरवी, नक्षी तीच उमटते. मास्क म्हणजे तो छापा. फरक इतकाच की हा छापा तू स्वतःच्या हाताने कापतेस आणि कधीही सुधारू शकतेस.

आता आभाळ लाल करायचं तर रंगाच्या चौकोनावर दोनदा क्लिक कर, लाल निवड, झालं. कडेचे मधले पिक्सेलसुद्धा लालाशी जुळवून घेतात, कारण मास्कमध्ये रंग साठवलेलाच नसतो. तिथे फक्त ० ते २५५ असे आकडे असतात: ० म्हणजे पूर्ण झाकलेलं, २५५ म्हणजे पूर्ण उघडं, मधले आकडे म्हणजे कडेचं अर्धवट. मंडळवाल्यांनी दहा रंग पाहायला मागितले तरी तुझी रेघ जागची हलणार नाही.

गिम्प वापरत असशील तर नवीन लेअर रंगाने भर, त्याला ‘ॲड लेअर मास्क’ने काळा मास्क लाव आणि तसंच पांढऱ्याने काढ. एक गोष्ट तेवढी जप. लेअरच्या पट्टीत दोन छोटे चौकोन दिसतात, एक रंगाचा, एक मास्कचा. ज्याच्याभोवती चौकट आहे त्याच्यावर तुझा ब्रश चालणार. रंग बदलताना रंगाच्या चौकोनावर जाऊन अख्खा लेअर नव्या रंगाने भर. काढताना न चुकता मास्कवर ये. प्रत्येक वेळी ब्रश टेकवण्याआधी त्या चौकटीकडे बघायची सवय लाव.

एक रंग, एक लेअर हा नियम पाळ. पोस्टरमध्ये तोच पिवळा दिव्यात आहे, पाटीवर आहे आणि गार्डच्या झेंडीतही आहे, तर तिन्ही जागा एकाच मास्कवर काढ. एकदा रंग बदललास की तिन्हीकडे बदलेल. आणि लेअरला नाव दे: ‘आभाळ’, ‘इंजिन’, ‘कापूस’. ‘लेअर सतरा’ काय आहे हे नवरात्राच्या आदल्या रात्री कोणालाच आठवत नाही.

दोन रंग शेजारी आले की खालचा रंग वरच्याच्या पोटात थोडा आत जाऊ दे. आभाळ इंजिनाच्या कडेशी नेमकं थांबवू नकोस, इंजिनाच्या मागे बोटभर सरकव. कडेला कड टेकवलीस की दोन्हींच्या अर्धवट पिक्सेलमधून मागचा पांढरा कागद केसासारखा डोकावतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर दोन रंगांचे ठसे किंचित सरकतातच, तिथे हा आत घेतलेला रंगच लाज राखतो.

आता कडेबद्दल, कारण तुझा खरा जीव तिथेच अडकलाय. लख्ख कड दोन प्रकारांनी मिळते आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. ब्रशचं हार्डनेस शंभर टक्के केलंस तर कड स्वच्छ येते, पण तो एखाद्या पिक्सेलचा मऊपणा राहतो. फोटोशॉपमध्ये शिफ्ट दाबून उजवा चौकटी कंस दाबत गेलीस की हार्डनेस टप्प्याटप्प्याने वाढतं. पेन्सिल टूल घेतलंस तर तो मऊपणाही जातो: पिक्सेल एकतर पूर्ण रंगतो, नाहीतर अजिबात नाही. फ्लेक्स, पोस्टर, मोबाइलवरची शुभेच्छा यांना पहिला प्रकार घे. फ्लेक्सवर पेन्सिलची तिरकी रेघ ताणली की पायऱ्या उघड्या पडतात.

पण लग्नपत्रिकेचं किंवा कापडी पिशवीचं स्क्रीन प्रिंटिंग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म निघते आणि जाळीतून शाई एकतर जाते, नाहीतर जात नाही. मधली करडी छटा हवी तर तिचे ठिपके पाडावे लागतात. अशा कामाला निव्वळ काळा-पांढरा मास्कच पाहिजे, आणि तोही मोठ्या रेझोल्युशनचा, म्हणजे पायऱ्या डोळ्याला दिसण्याइतक्या मोठ्या राहत नाहीत. तुझी फाइल आधीच ‘एक रंग, एक मास्क’ अशी असेल तर तुला वेगळं सेपरेशन करत बसावं लागणार नाही. मास्कवर ऑल्ट दाबून क्लिक केलंस की तो काळ्या-पांढऱ्यात समोर येतो. तोच तुझ्या फिल्मचा कच्चा नमुना. रेडियम कटिंगवाल्याला मात्र पिक्सेल चालत नाहीत, त्याच्या मशीनच्या पात्याला रेषेचा मार्ग लागतो. त्याच्यासाठी मास्कचं सिलेक्शन करून त्याचा पाथ काढ, किंवा इंकस्केपमध्ये नेऊन ट्रेस कर. स्वच्छ मास्क असला की ट्रेस स्वच्छ येतो.

धुराचं काय करायचं, हे तू मुद्दाम विचारलंस. तुला कोरड्या ब्रशचा खरखरीत फटकारा हवा आहे, पण करडी धूसरता नको, कड कापलेलीच हवी. याला एक सुंदर रीत आहे. एक ग्रुप कर. त्यात खाली पांढरा लेअर घे आणि त्यावर काळ्याने हवा तो ब्रश चालव: मऊ, खरखरीत, पसरट, काहीही. हात मोकळा सोड. त्याच्या वर थ्रेशोल्डचा ॲडजस्टमेंट लेअर ठेव. करड्या सगळ्या छटा तो एकतर काळ्या करतो नाहीतर पांढऱ्या, मधली सीमा १२८ वर असते. ती सीमा सरकवत गेलीस की धूर जाड होतो, विरळ होतो, आणि खालचं मूळ चित्र तसंच सुरक्षित असतं. कडा फार दातेरी वाटल्या तर थ्रेशोल्डऐवजी लेव्हल्स घे आणि काळा-पांढरा हे दोन स्लायडर जवळ आण, समज ११८ आणि १३८. मधल्या वीस आकड्यांत कडेला हवा तेवढाच मऊपणा उरतो.

आता त्याला रंग कसा द्यायचा? ग्रुपमध्येच सगळ्यांत वर एक सॉलिड कलर लेअर ठेव आणि त्याचा ब्लेंड मोड स्क्रीन कर. काळ्याच्या जागी तो रंग येईल, पांढरं पांढरंच राहील. मग अख्ख्या ग्रुपचा मोड मल्टिप्लाय कर, पांढरं नाहीसं होईल आणि आभाळावर फक्त धूर उरेल. मल्टिप्लायमध्ये खालचा रंग मिसळतो, म्हणून ही रीत गडद रंगालाच शोभते. कापसासारखा फिका रंग हवा असेल तर सगळं उलट कर: काळ्यावर पांढऱ्याने काढ, वरचा रंग मल्टिप्लाय, ग्रुप स्क्रीन. ग्रुप ‘पास थ्रू’ मोडवर मात्र ठेवू नकोस, नाहीतर ग्रुपमधला तळाचा पांढरा किंवा काळा लेअर खालचं सगळं पोस्टर झाकून टाकेल.

गिम्पमध्ये हे पूर्वी असं जमत नसे, फिल्टर लावला की तो चित्रात कायमचा मुरायचा. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० आवृत्ती आली आणि तिच्यात फिल्टर लेअरला नुसता जोडून ठेवता येऊ लागला. लेअरपाशी छोटी ‘एफएक्स’ खूण दिसते, तिच्यातून थ्रेशोल्डचा आकडा हवा तेव्हा बदलता येतो. तुझ्या कॉम्प्युटरवर अजून २.१० असेल तर आजच नवी टाक, फुकट आहे.

फटकाऱ्याच्या आत छटा हवी असेल, इंजिनाच्या अंगावर उन्हाची एक पट्टी, तर इंजिनाच्या लेअरवरच काढू नकोस. वर नवीन लेअर घे आणि कंट्रोल-ऑल्ट-जी दाबून तो खालच्याला क्लिप कर. मग कितीही सैल हात फिरव, रंग इंजिनाच्या कडेबाहेर जाणारच नाही. गिम्पमध्ये हेच दोन लेअर एका ग्रुपमध्ये ठेव आणि वरच्याचा कंपोझिट मोड ‘क्लिप टू बॅकड्रॉप’ कर.

‘कंट्रोल-झेड आहे की,’ असं म्हणशील. ते फाइल उघडी असेपर्यंतच. फोटोशॉप साधारणपणे पन्नास पायऱ्या लक्षात ठेवतं, आणि लहान लहान फटकाऱ्यांत पन्नास पायऱ्या किती लवकर सरतात हे तू जाणतेस. लाइट गेली की तीही आठवण गेली. लेअर आणि मास्क फाइलसोबत राहतात, पुढच्या वर्षीच्या नवरात्रातही.

आकार आणि रंग वेगळे ठेवणं हे काही नवं खूळ नाही गं. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी शिळाछापाच्या होत्या, आणि त्या तंत्रात एकेका रंगासाठी वेगळा दगड असे. कोणता आकार कोणत्या दगडावर जाईल हे ठरवणारा कारागीर रंगांचा विचार सुटा सुटा करत होता. फोटोशॉपला लेअर आले ते १९९४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. मराठी नाटकांची शीर्षकं हाताने रेखाटणारे कमल शेडगेही बघ. ते २०२० मध्ये गेले. वर्तमानपत्राच्या जाहिरातीत नुसत्या काळ्या अक्षरावर त्यांना सगळं नाटक पेलावं लागायचं. रंग काढून घेतला तरी आकार उभा राहिला पाहिजे, ही कसोटी त्यांच्या अक्षरांना रोज लागत होती. तूही तुझं पोस्टर एकदा सगळे रंग काळे करून बघत जा. नुसत्या काळ्यात इंजिन इंजिन वाटलं तर पुढे कोणताही रंग त्याला धक्का लावू शकणार नाही.

कॉम्प्युटर अडखळतो म्हणालीस, त्याचाही हिशेब सांगते. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ रेझोल्युशनला घेतला तर ८६४० बाय ६९१२, म्हणजे जवळपास सहा कोटी पिक्सेल होतात. पारदर्शक रंगीत लेअरला दर पिक्सेलमागे चार बाइट लागतात, म्हणजे एक भरलेला लेअर सव्वादोनशे एमबीच्या घरात. मास्कला दर पिक्सेलमागे एकच बाइट, म्हणजे सत्तावन्न एमबी. सॉफ्टवेअर रिकामी जागा दाबून ठेवतं, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी होतात, पण प्रमाण साधारण हेच. सॉलिड कलर आणि मास्क ही रीत तुझ्या जुन्या मशीनलाही सोसवते. आणि माप सुरुवातीलाच पक्कं करून घे. लहान काढून नंतर ताणलंस की लख्ख कड मऊ पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

फाइल देताना सावध राहा. जेपीजीमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. फोटोत ते कळत नाही, पण निळ्यावर लाल फटकारा असेल तर कड फिसकटलेली दिसते. गिम्पमधून जेपीजी काढताना सबसॅम्पलिंगमध्ये ४:४:४ निवड. त्याहून बरं म्हणजे सपाट रंगांच्या चित्राला पीएनजीच दे. रंग सपाट असल्यामुळे ती फाइल फार जडही होत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून गेली की ती पुन्हा दाबली जाते.

आणि ओपन फाइल कोणालाही सहज देऊ नकोस. छपाईला फ्लॅट फाइल पुरते. लेअरसकट फाइल मागितली तर तिचा भाव वेगळा सांग आणि तो सांगताना मान खाली घालू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून काम घेतानाच दोन ओळी लिहून घे: चित्र कशासाठी वापरणार, आणि मूळ फाइल कोणाची. रंगाचे दोन बदल ठरल्या रकमेत, पुढचा प्रत्येक बदल वेगळ्या पैशांत, हेही त्यातच लिही. घरी बसून काम करणाऱ्या मुलीचा वेळ फुकटचा असतो असं कित्येकांना वाटतं. तो फुकट नाही, हे तुझ्या कागदावर लिहिलेलं दिसू दे. रंग बदलायला तुला आता दोन मिनिटं लागतील, म्हणून त्याचे पैसे कमी होत नाहीत. ती दोन मिनिटं तू आधी नीट बांधून ठेवलेल्या कामातून आलेली आहेत.

पोळा तोंडावर आला आहे. गल्लीतल्या पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी एक छोटं चित्र कर: लाकडी बैल, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. तीनच रंग, तीन मास्क, आणि झुलीवरची नक्षी क्लिप केलेल्या लेअरवर. झालं की जेपीजी नको, लेअरसकट फाइल मला पाठव. मी तिन्ही रंग बदलून तुला परत धाडीन. उघडून बघ, तुझी एकही रेघ जागची हललेली दिसणार नाही. मग मंडळवाल्यांना फोन कर आणि विचार, आभाळ कोणत्या रंगात हवंय.